पळीने केली यंत्राची नक्कल

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे गेल्या शिमग्याच्या आसपास, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कोशिंबीर वाढणारं यंत्र आलं. बटण दाबलं की बरोबर शंभर ग्रॅम! ते पाहून जुन्या पळीचा दांडा लटलट कापू लागला. आता आपली रवानगी भंगारात!

यंत्रासारखं वागलं तरच निभाव लागेल, असं तिच्या डोक्यात बसलं. पळीला डोकं कुठून, असं विचारू नका. नसलेल्यांचंही चालतंच की!

आजवर ती दात पडलेल्या गेनूतात्यांना मऊ टोमॅटो वेचून वाढायची, भुकेल्या हमालाला दोन घास जास्त टाकायची. त्या दिवशी तिने सगळ्यांना मोजून एकसारखं वाढलं.

"अगं गोदाक्का, मला गाजर? चावायला तुझे दात उसने देतेस?" तात्या भडकले.

वाढणाऱ्या गोदाक्काने पळीकडे बघून सुस्कारा सोडला. "तू माणूस बघून वाढतेस, म्हणून तुझ्यासाठी साहेबांशी भांडले गं. उद्या यंत्र परत जाणार होतं. आता कोणत्या तोंडाने भांडू?"

तिने पळी खुंटीला अडकवली आणि बटण दाबलं. तात्यांच्या ताटात शंभर ग्रॅम गाजर पडलं. तात्या मुकाट्याने पुढे सरकले. यंत्राशी कोण भांडणार?