गादी आणि ठोकळा

गाणी तबकड्यांत राहायची त्या काळची गोष्ट. ग्रामोफोनवर एका तबकडीखाली लोकरीची गादी असे आणि तबकडी हलू नये म्हणून वर मधोमध पितळी ठोकळा बसे.

एकदा गाणं सुरू असताना ठोकळा गुरकावला, "मी दाबतो म्हणून सूर स्वच्छ येतो. तू नुसती लोळत पडतेस!"

गादीच्या अंगाचा तिळपापड झाला. "लोळते? अरे मेल्या, यंत्राची सगळी थरथर मी गिळते! थांब, दाखवतेच!" तिने रागाने अंग आक्रसून सुरकुत्या पाडल्या. ठोकळाही इरेला पेटून आणखी जोरात दाबू लागला.

"माझ्या अंगावर नका रे भांडू!" तबकडी कळवळली. ऐकतो कोण? ती कलली, सुई घसरली आणि खर्रकन ओरखडा उठला.

तेव्हापासून गाणं तिथं आलं की एकाच शब्दावर अडतं, "मी, मी, मी, मी..."