कोरा फेरा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की त्या डोंगरी राज्याच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. त्याच्या करवतीच्या गिरणीत धार लावणाऱ्या बाईचं नाव मात्र लोकांनी जपून ठेवलं. ती कोंडाबाई.

ती गिरणी नदीच्या पाण्यावर चालायची. पाण्याची झडप उघडली की मोठं चाक फिरे आणि त्याच्याबरोबर करवतीचा लांबलचक पट्टा गरगर फिरून सागाचे ओंडके कापी. पट्टा बोथट झाला की तो कोंडाबाईच्या खोपटात येई. तिथे तिच्या सासऱ्याने बनवलेलं, हाताने फिरवायचं धारेचं यंत्र होतं. एक लोखंडी आकडा पट्ट्याचा एकेक दाता पुढे ढकली, वरून दगडी चाक खाली येई, दात्याला घासून परत वर जाई. मग पुढचा दाता. एका पट्ट्याला एकशे ऐंशी दाते.

सासऱ्याने यंत्राबरोबर एक नियमही दिला होता. रोज सकाळी दगड केसभर वर उचलून ठेवायचा आणि पट्टा एकदा नुसताच फिरवायचा. प्रत्येक दाता जागेवर येऊन थांबतो का, हे डोळ्यांनी पाहायचं. याला तो कोरा फेरा म्हणे. या फेऱ्यात काहीच धारदार होत नाही, नुसता वेळ जातो. म्हणून तर तो टाळायचा मोह होतो!

एका वर्षी दरीवरचा जुना पूल कोसळला. कोंडाबाईची एकुलती एक लेक, येसू, दरीपलीकडच्या गावात दिलेली होती आणि तिचा सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. त्यात तिच्या सासरी बाईमाणूस कुणी नव्हतं, सुईणही दरीच्या या बाजूलाच. डोंगराला वळसा घालून यायचं तर आठ दिवसांची चढउतार, ती त्या पोरीला झेपणार नव्हती. राजाने नव्या पुलाचा हुकूम दिला आणि फळ्या कापायचं काम गिरणीकडे आलं. नववा लागायच्या आत पूल उभा राहिला तर लेक घरी, नाहीतर ती पलीकडे एकटी. एवढं सरळ होतं ते.

येसू रोज संध्याकाळी पलीकडच्या कड्यावर येऊन तांबडं फडकं हलवी. कोंडाबाई अलीकडून पदर हलवी. मधे पाण्याचा एवढा आवाज, की हाक पोचायची नाही.

मग काय, कोंडाबाईच्या हातांना घाई सुटली. पहिल्याच दिवशी तिने कोरा फेरा सोडला. 'एवढं काम उरकू दे, मग बघू,' असं ती मनाशी म्हणाली. आपण सगळेच म्हणतो तसं.

दहा दिवसांनी फळ्या वाकड्या निघू लागल्या. पूल बांधणाऱ्या सुतारांनी त्या परत पाठवल्या. गिरणीचा मुकादम आधी लाकडावर चिडला, मग पाण्यावर, मग ओंडका सरकवणाऱ्या गड्यांवर. पट्टे बोथट वाटतात म्हणून कोंडाबाईने दगड आणखी दाबून धार लावली. दाते चकाकले. सगळ्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चालू करवतीचा पट्टा तुटला. सण्णकन उडाला आणि मुकादमाचं पागोटं घेऊन भिंतीत रुतला. मुकादम डोकं चाचपत खाली बसला. डोकं जागेवर होतं.

"लोहाराने कच्चं लोखंड दिलं!" तो ओरडला. "दुसरा पट्टा चढवा!"

कोंडाबाईने तुटका तुकडा उचलून उजेडात धरला. दात्याच्या मुळाशी निळसर झाक होती. लोखंड असं निळं पडतं ते दगडाच्या घासण्याने तापून भाजल्यावरच. भाजलं की ते कडक होतं आणि कडक झालं की तडकतं.

ती धावत खोपटात गेली, दगड वर उचलला आणि पट्टा नुसताच फिरवला. आकड्याचं टोक झिजलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढंच. पण तेवढ्याने प्रत्येक दाता जागेच्या अलीकडेच थांबत होता. दगड त्याच्या तोंडाला लागतच नव्हता, मागची बाजूच खात होता.

गप्प बसली असती तर दोष लोहाराच्या माथी गेलाच होता. ती गप्प बसली नाही.

"मुकादम, लोखंड चांगलं आहे. चूक माझी आहे. मी कोरा फेरा सोडला. सातही पट्टे मीच बिघडवलेत."

"बरं, झालं ते झालं. उरलेल्या सहांवर रेटून नेऊ."

"नाही. तीन दिवस गिरणी बंद ठेवा."

"बाई, शुद्धीवर आहात का? पलीकडे लेक कुणाची आहे? तुमची की माझी?"

"माझी. आणि त्या फळ्यांवरून तीच चालणार आहे."

एवढं बोलून तिने स्वतःच्या हाताने पाण्याची झडप खाली ओढली. मोठं चाक थांबलं. मुकादम पुढे आला. झडपेला हात लावायची मात्र त्याची छाती झाली नाही.

पहिल्या दिवशी तिने दगड सुधारला. लोखंडाची भुकटी बसून तो गुळगुळीत झाला होता. दिसायला छान, कामाला कुचकामी. कठीण काळ्या खड्याने तिने त्याची चमक घालवली आणि तो पुन्हा खरखरीत केला. दुसऱ्या दिवशी आकड्याला नवं टोक घडवलं. ते केसभर लांब झालं, दाता पुढे जाऊ लागला. पुन्हा कानशीने घासलं. आकडा धरणारं मळसूत्र पाव फेरा आवळलं, पुन्हा थोडं सैल केलं. मग कोरा फेरा. एकशे अकरा दाते बरोबर आले, एकशेबारावा अडखळला.

"एका दात्याचं काय घेऊन बसलात?" मुकादम कळवळून म्हणाला.

"तो एकटा नाही राहत, मुकादम. पट्टा फिरला की दर फेऱ्याला तो परत येतो."

तिने यंत्र पुन्हा खोललं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कड्यावर गेली, तर समोर फडकं नव्हतं. तिने पदर हलवला. बराच वेळ हलवला. समोर कुणीच आलं नाही.

ती परत आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. दगड खाली सोडायचा तेवढा राहिला होता. मुकादमाला वाटलं, आता ही काहीही करून उरकणार. कोंडाबाईने हात धुतले, मांडीवर ठेवले आणि ती नुसती बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. हात थांबले तेव्हाच ती उठली. शेवटचा कोरा फेरा केला. एकशे ऐंशी दाते, एकशे ऐंशी वेळा जागेवर. मग हलक्या हाताने, तीन तीन फेरे देऊन, सगळा निळेपणा जाईपर्यंत तिने एकेक पट्टा घासला.

पहाटे मुकादमाने झडप उघडली. फळी निघाली ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ. त्यानंतर एकही परत आली नाही. अकराव्या दिवशी पूल उभा राहिला.

येसूचे पाय सुजले होते, म्हणून ती कड्यावर आली नव्हती. नववा लागायला चार दिवस असताना ती पुलावरून आली. हळूहळू, नवऱ्याच्या हाताला धरून. एकही फळी हलली नाही. कोंडाबाईने आधी लेकीच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि मग तिला पोटाशी धरून ती इतकी रडली, की मुकादमालाही नवं पागोटं डोळ्यांना लावावं लागलं.

महिन्याभराने घरात नात रडली. त्या सकाळी कोंडाबाई कामावर थोडी उशिरा आली. मुकादम झडपेपाशी हाताची घडी घालून उभा होता.

"नात झाली ना? अभिनंदन!" तो म्हणाला. "आता आधी कोरा फेरा. त्याशिवाय मी पाणी सोडणार नाही."

मुलांनो आणि मोठ्यांनो, जे साधन इतरांना धार लावतं, त्याचीच पारख रोज आधी करावी. आणि घाई असेल त्या दिवशी तर नक्कीच करावी.