चांगुणाचा कोप

फार वर्षांपूर्वी आमच्या हिवरमाळाला रस्ता नव्हता, दिवे नव्हते आणि शहाणपणही नव्हतं. पुढं रस्ता आला, दिवे आले. बाकीचं तुम्हीच बघा.

त्या काळी केरबाच्या घरी एक पोर जन्मली. तिचं नाव चांगुणा. पोर वाढायला लागली ती थांबेचना. बाराव्या वर्षी बापाच्या खांद्याला लागली, चौदाव्या वर्षी बापाच्या पुढं गेली. घराच्या दारातून वाकून जायची. असं म्हणतात की ती उभ्या उभ्या बाभळीवरचं सुगरणीचं घरटं हातात घ्यायची, आतली पिल्लं बघायची आणि परत ठेवायची. खरं-खोटं देव जाणे. पण गाव तिला काय म्हणायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. शिडी म्हणायचं. उंटीण म्हणायचं. पाण्याला गेली की बायका विचारायच्या, "काय गं, आभाळाला ठिगळ लावायला निघालीस का?" आणि केरबाला गाठून म्हणायच्या, "हिला नवरा कुठला आणणार? का दोन नवरे एकावर एक उभे करणार?" मेल्यांच्या तोंडाला कधी फडकं बांधलं नाही कुणी.

केरबाकडं कडब्याची गंज रचायचं काम असायचं. बाप गंजीवर उभा राहायचा आणि पोर खालून पेंढी फेकायची. बाप जिथं हात पुढं करील तिथं पेंढी यायची, ना वीतभर इकडं, ना वीतभर तिकडं. गंज देवळाच्या शिखराएवढी झाली तरी पेंढी हातातच. असं म्हणतात की एकदा केरबाला वर उन्हात डुलकी लागली, तरी पोर फेकत राहिली आणि गंज आपोआप रचली गेली. हसू नका. पुढं जे झालं ते या पेंढ्यांनीच झालं.

आता खळ्याचं ऐका. गावाचं मळणीचं खळं एकच होतं, आणि त्याच्या मधोमध बैल बांधायचा खांब, तिवडा. दुसऱ्या गावात मळणी झाली की तिवडा उपटतात. आमचा खैराचा, दोन पुरुष उंच, बारमाही रोवलेला. आणि रीत अशी की बाईनं खळ्याच्या कडेचे दगड ओलांडायचे नाहीत. ओलांडले तर राशीची बरकत जाते! पेरायला बाई, खुरपायला बाई, काढणीला बाई, आणि दाणा पडायची वेळ आली की बाई बाहेर. एरवी घरात पाण्याचा तांब्या न उचलणारे बाप्ये खळं सारवायला मात्र शेणात हात घालायचे. इतकी ती बरकत जपायची होती!

तर अशा गावात दौलू हवालदार पलटणीतून पेन्शनीवर आला. येताना चामड्याचा एक मोठा चेंडू घेऊन आला. पलटणीत साहेब आणि शिपाई मिळून बास्केटबॉल खेळायचे, ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यानं एका मोडक्या मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं घेतलं आणि तिवड्याच्या टोकाला आडवं ठोकलं. रंगराव पाटलानं विचारलं, "हे काय रे दौलू?" तो म्हणाला, "पाटील, पोरं उड्या मारतील, अंगानं भरतील, भरतीला पास होतील." तेव्हा कुणाला तिवड्याचा विटाळ आठवला नाही. पोरं उड्या मारायला लागली.

चांगुणा कडेच्या दगडाबाहेर उभी राहून बघायची. एके दिवशी चेंडू उडून बाहेर तिच्या पायाशी आला. पोरं ओरडली, "टाक गं शिडे!" तिनं पेंढी टाकावी तसा टाकला. चेंडू पोरांच्या डोक्यांवरून गेला आणि कड्यातून सरळ खाली पडला. कड्याला शिवलासुद्धा नाही. दौलू हवालदाराच्या तोंडातली विडी खाली पडली असं म्हणतात. त्यानं चेंडू उचलून परत तिच्याकडं फेकला आणि म्हणाला, "परत." परत तेच. "अजून मागं सर." ती मागं सरली. तरी तेच.

त्या दिवसापासून ती रोज यायची. आत पाय ठेवायचा नाही, म्हणून बाहेरून फेकायची. मागं सरत सरत आंब्याखाली गेली, तिथून मागं विहिरीच्या धावेवर, मोटेच्या बैलांच्या वाटेवर गेली. गावानं बंदी घातली आणि गावाच्याच बंदीनं तिचा हात लांबचा झाला. याचं श्रेय आता गाव घेतं! "आमच्या खळ्यावर तयार झाली," म्हणतं. अरे, खळ्यावर कुठं? खळ्याबाहेर!

गाव चावडीवर बसलं. बाईच्या हातचा चेंडू तिवड्यावरनं गेला तर विटाळ होतो का, यावर दिवेलागणीपर्यंत चर्चा झाली. शास्त्र कुणालाच येत नव्हतं, म्हणून जो तो शास्त्र सांगत होता. शेवटी रंगराव पाटील म्हणाला, "केरबा, पोरीला आवर. खेळायचं पोरांनी. पोरीच्या जातीनं कसलं खेळायचं?"

केरबा गरीब माणूस, कधी कुणाला उलटून बोलला नव्हता. पण त्या दिवशी म्हणाला, "पाटील, तिनं तुमच्या खळ्यात पाऊल टाकलं असंल तर सांगा. न्हाई टाकलं. हवेला तुम्ही कुंपण घातलंय का?"

झालं. आणि वर दौलू हवालदारानं तिला सातारला सामन्याला नेलं. तिथं ती आखूड चड्डी घालून हजार माणसांसमोर खेळली, ही बातमी तिच्या आधी गावात पोचली. केरबाला वाळीत टाकलं. विस्तव बंद, विहीर बंद, न्हावी बंद. पोरीला निरोप धाडला, "आता गावात यायचं नाही." केरबानंही एक निरोप धाडला. तो म्हणाला, "पोरी, येऊ नको. पण खेळायचं थांबलीस तर माझ्या वाळीत पडण्याची माती होईल."

मग ती थांबली नाही. साताऱ्यावरून पुण्याला गेली, पुण्यावरून राज्याच्या संघात, तिथून देशाच्या संघात. विमानात बसली. असं म्हणतात की एका परमुलखात सामना ऐन रंगात असताना दिवे गेले. सगळा काळोख. चांगुणानं हातात होता तो चेंडू तसाच फेकला, आणि दिवे आले तेव्हा चेंडू जाळीतून खाली पडत होता. असं म्हणतात की तिकडच्या खेळाडू बायकांनी सामना संपल्यावर तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, की यात काय दडलंय. कडब्याची कुसं दडली होती, बायांनो! दुसरं काय असणार?

ती देशाच्या संघाची कप्तान झाली त्या साली केरबा गेला. वाळीतलं मढं. गावातला एक माणूस खांदा द्यायला उठला नाही. दौलू हवालदार आणि शेजारच्या गावातले त्याचे तीन पलटणवाले दोस्त, या चौघांनी नेला त्याला. चांगुणा आली तोवर राख निवली होती. ती ओढ्याकाठी बसली, बापाच्या राखेला हात लावला आणि गावाच्या पाण्याचा घोट न घेता माघारी गेली. माझ्या तोंडात शिवी येते ती इथं. मी गिळत नाही. त्या सगळ्या बसल्या बाप्यांच्या खांद्यांना किडे पडले असते तर मी गूळ वाटला असता.

आणि नंतर काय झालं? वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. एक मोठा मंत्री तिच्या गळ्यात हार घालतोय असा. तो कागद गावात आला आणि गावाचं डोकं फिरलं. जो तो म्हणायला लागला, ही साधी बाई नव्हेच. मनुष्याला असा नेम धरता येतो होय? हिच्या अंगात देवी आहे! ज्या तोंडांनी शिडी म्हटलं त्याच तोंडांनी आता चांगुणाई म्हटलं. तिवड्याला शेंदूर फासला. मोटेच्या त्या कड्याला कुणी नवसाचा चुडा बांधला, कुणी खण, कुणी नारळाचं गाठोडं, कुणी घंटा. कडं वर्षावर्षाला भरत गेलं. रंगराव पाटील स्वतः आरती करायला लागला. आणि देवीचं ठाणं कडक म्हणून पोरांचं खेळणंसुद्धा बंद. पोरींची तर सावली पडायची नाही. मळणी तेवढी चालू, आणि बाई अजून दगडाबाहेरच.

पुढं खेळताना चांगुणाचा गुडघा मोडला आणि तिचं खेळणं सुटलं. दौलू हवालदार म्हातारा झाला होता, त्याला बघायला म्हणून ती बऱ्याच वर्षांनी गावात आली. येताना तिनं एक नवा चेंडू आणला होता, गावच्या पोरींसाठी. तेवढाच तिचा हेतू होता. गावाला आधी कळलं. वाजंत्री, हार, रांगोळी! तिला मिरवत खळ्याकडं नेली आणि कडेच्या दगडांबाहेर एक खुर्ची मांडून तीवर बसवली.

चांगुणा म्हणाली, "आत का नाही?"

रंगराव पाटील हात जोडून म्हणाला, "आई, आत तुमचं ठाणं आहे. तिथं बाईमाणूस चालत न्हाई."

ऐकलंत का? तिचंच ठाणं, आणि तिलाच बंदी!

तिनं तिवड्याकडं बघितलं. मग विचारलं, "गावातल्या पोरी कुठं खेळतात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी कशाला खेळतील? पोरी नवस बोलतात की, तुमच्यागत व्हावं म्हणून."

चांगुणा खुर्चीवरून उठली. पिशवीतला चेंडू काढला आणि उभ्या जागेवरून, दगडाबाहेरून, फेकला. चेंडू बरोबर गेला, जिथं जायचा तिथंच गेला. आणि खणा-नारळांवर आपटून उलटा आला. कड्यात वाटच नव्हती. आयुष्यात तिचा एकच चेंडू माघारी आला असं म्हणतात, आणि तो तिच्या गावात, तिच्याच नावानं भरलेल्या कड्यावरून.

मग ती लंगडत, पायातल्या बुटांसकट, दगड ओलांडून आत गेली. वाजंत्री थांबली. तिनं हात वर केला, तिला शिडी लागत होती होय? एका हिसक्यात खण फाडले, चुडे फोडले, घंटा उपटून फेकली. नारळ बदाबदा पडले. बाप्ये ओरडले, "आई, कोप होईल! गावावर कोप होईल!"

ती गर्रकन वळली. "कोप? मीच ना तुमची देवी? मग हाच कोप! घ्या पदरात! माझ्या बापाला खांदा देता आला नाही आणि लाकडाला शेंदूर फासता? मला नमस्कार घातलात म्हणजे माझ्यामागं येणाऱ्या पोरींना बाहेर ठेवायला मोकळे झालात होय? मला देवी करू नका. देवी झाले की तुम्हाला माझं ऐकायला लागत नाही!"

असं म्हणतात की तेव्हा जमीन हादरली. जमीन नाही हादरली. हादरले ते बाप्ये, आणि मागं सरत सरत दगडाबाहेर गेले.

तिनं चेंडू उचलला आणि बायकांच्या घोळक्यापुढं धरला. "या. कोण येतंय?" एक हलेना. लेकी आयांच्या पदरामागं, आया सासवांच्या मागं. मग सगळ्यांच्या मागून एक म्हातारी निघाली. ती अंबूबाई, रंगराव पाटलाची बायको. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं घर खळ्याला लागून होतं आणि जन्मात तिनं ते दगड ओलांडले नव्हते. पाटील म्हणाला, "अगं, कुठं निघालीस?" ती म्हणाली, "इथंच की. तुमच्या डोळ्यांदेखत." तिनं चेंडू घेतला, दोन्ही हातांनी पोटापासून फेकला, आणि तो चार हातांवर पडला. म्हातारी इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली. मग पोरींना धरवेना. सगळ्या खळ्यात.

त्या साली गाव श्वास रोखून बसलं होतं, की रास बुडणार. मळणी झाली. असं म्हणतात की त्या साली दुप्पट पिकलं. खोटं आहे! जेवढं दरसाल पिकायचं तेवढंच पिकलं, पायलीभर कमी नाही, पायलीभर जास्त नाही. बायकांच्या पायांनी काही गेलं नाही. इतक्या पिढ्यांनी बायका उगाच बाहेर उभ्या केल्या होत्या, आणि याचा राग मला अजून येतो. तुम्हाला येत नसेल तर तुमच्यात काहीतरी कमी आहे.

चांगुणा मग गावातच राहिली, पोरींना शिकवत, आणि इथंच गेली. तिच्या तिरडीला खांदा पोरींनी दिला. तिचा फोटो आम्ही लावला नाही, समाधी बांधली नाही. दरसाल रास उचलली की गाव तिच्या नावानं एकच गोष्ट करतं, तिला चांगुणाची बोलणी म्हणतात. पोरी खळ्यात बसतात, मानाचे बाप्ये दगडाबाहेर टोप्या काढून उभे राहतात, आणि गावातली वयानं थोर बाई त्यांना ही सगळी हकीकत शिव्यांसकट ऐकवते. त्यांनी मधे बोलायचं नाही. मग पोरी खेळतात.

औंदा ती मी. आणि बाप्यांनो, माझ्या कानावर आलंय की तुम्ही खळ्यात संगमरवरी मूर्ती बसवायचं ठरवलंय. भोवती कठडा घालणार, आणि मूर्तीच्या हातात दगडी चेंडू देणार म्हणे. दगडी चेंडू कोणत्या पोरीला फेकता येतो, सांगा की? आता का माना खाली? बांधून तर बघा. चांगुणाचा एक गुडघा मोडला होता, माझे दोन्ही शाबूत आहेत.

ए, तो चेंडू आण इकडं. आजवर जिनं हात लावला नाही ती पोर कुठली? तू? ये, बाई, पुढं ये. पडला चार हातांवर तर पडू दे. फेक.