लाल दिव्यावरची टिकली

दोष हेडसरांचा होता. ॲम्प्लिफायरचा नव्हता, सिद्राम मेकॅनिकचा नव्हता, आणि कुमुदकाकूंच्या कानांचा तर नव्हताच.

एका गावात भास्करराव निगवेकर नावाचे निवृत्त मुख्याध्यापक राहत. सगळे त्यांना हेडसर म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. त्यांची चूक काढायची गावात कुणाची छाती नव्हती. अशी माणसं म्हातारी होतात. शहाणी होतातच असं नाही.

पण बायकोवर त्यांचा फार जीव होता. कुमुदकाकूंचे कान महिन्यामहिन्यानं मिटत चालले होते. आणखी वर्षभर ऐकू आलं तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. कानातल्या यंत्रानं त्यांना नुसती खरखर ऐकू येई. त्यांना ऐकायची होती एकच कॅसेट, त्यांच्या मंगळागौरीची. तिच्यात थोरली बहीण विमल गात होती, आणि गाता गाता ओरडत होती, "ए कुमे, सूर सोडू नकोस गं!" विमल आता या जगात नव्हती.

म्हणून हेडसरांनी मोठा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणले. सिद्रामनं ते जोडून दिले आणि दिवे समजावले.

"सर, चालू केलं की आधी पिवळा लागतो. यंत्र स्वतःला तपासून घेतं. टक् वाजलं की हिरवा. मग कॅसेट लावा. पिवळाच राहिला तर कुठंतरी घोळ आहे, बंद करून मला बोलवा. आणि हा लाल. हा लागला म्हणजे यंत्राला झेपत नाही, आवाज फाटतोय. लगेच कमी करायचं, नाहीतर स्पीकर जळतील."

"मग हिला ऐकू कसं येणार?"

"काकूंची खुर्ची स्पीकरजवळ ओढा, सर. आवाज नका ओढू."

हेडसर हसले. "सिद्रामा, सातवीत गणितात किती पडले होते रे तुला?"

"अकरा," सिद्राम म्हणाला, आणि पिशवी उचलून निघाला.

खुर्ची चार हात सरकवायची, एवढंच काम. पण सातवी नापासाचं ऐकून सरकवली, तर ते हेडसर कसले?

रोज दुपारचा चहा झाला की कॅसेट लागे. काकू लांब खिडकीशी बसत. हेडसर बटण फिरवत आणि खुणेनं विचारत, "आलं का?" "थोडं थोडं." ते आणखी फिरवत. विमलची हाक आली की काकू खुदकन हसत. "अहो, ओरडली बघा मला!" त्या हसण्यासाठी म्हातारा काय वाटेल ते करायला तयार होता. खुर्ची सरकवणं सोडून.

महिन्याभरात लाल दिवा सारखा लागू लागला. सून म्हणाली, "बाबा, लाल लागलाय."

"लागू दे. मला शिकवू नकोस."

पण दिवा डोळ्यांत खुपायचा. शेवटी हेडसरांनी आरशावरची काकूंची मोठी मरून टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. "घे, तुला टिकली लावली. आता गप बस."

चौथ्या दिवशी जळका वास आला आणि दोन्ही स्पीकर मुके झाले.

"का हो थांबवलंत?" काकूंनी विचारलं.

सिद्राम आला. त्यानं नखानं टिकली सोलली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली.

जळालेल्या स्पीकरचे भाग बाहेरून यायला अडीच महिने लागले. दुसऱ्या कशाचाच आवाज काकूंपर्यंत पोचत नव्हता. घर गप्प झालं. हेडसर रोज फोन करत. "सिद्रामा, बाळा, आले का रे?" पोराला 'बाळा' म्हणायला त्यांना एवढं आयुष्य लागलं.

स्पीकर आले. पिवळा लागला, टक् वाजलं, हिरवा लागला. विमल गायली. विमल ओरडली. काकू हेडसरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अहो, लावलं का?"

हेडसरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि होकारार्थी मान हलवली. बोलून उपयोग नव्हता.

कुमुदच्या ऐकण्याचे शेवटचे अडीच महिने हेडसरांनी घालवले. ते परत मिळाले नाहीत.

तात्पर्य: इशारा झाकला म्हणून धोका टळत नाही, आणि खरं सांगणाऱ्याचे मार्क विचारत बसणाऱ्या मोठ्या माणसाच्या हेक्याची किंमत त्याच्या जिवाच्या माणसाला मोजावी लागते.