दर्याचा घास

"म्हणजे पाखरं हाकलायचा तावीज तुमच्याकडे नाहीच?"

रुपाजी तारीने हे विचारलं तेव्हा आवाजात विनंती कमी आणि दम जास्त होता. लतिफबाबा चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होते. त्यांनी मान काही वर केली नाही.

"आहे की."

"मग द्या ना!"

"पाखरांना घेऊन ये. एकेकाच्या गळ्यात बांधून देतो."

रुपाजीने कपाळावर हात मारला. एवढी टेकडी चढून यायचं आणि वर हे ऐकायचं!

लतिफबाबा म्हणजे खाडीच्या तोंडावरच्या दर्ग्याजवळ राहणारा म्हातारा फकीर. तरुणपणी परदेशी जहाजांवर खलाशी होता, मग एक दिवस उतरला तो इथेच बसला. बंदरावरचे सगळे त्याच्याकडे येत. कोणाचं इंजिन खोकतंय, कोणाची सासू. बाबा सगळ्यांना आधी चहा पाजायचे, आणि निम्म्या लोकांचं काम चहावरच भागायचं.

रुपाजी मात्र चहावर भागणारा गडी नव्हता. बाप गेल्यापासून तो बापाच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, होता, आणि बंदरावर त्याच्यासारखा तांडेल नाही असं सगळे म्हणत. म्हणजे खरं तर तो स्वतः म्हणायचा, आणि बाकीचे कटकट नको म्हणून माना डोलवायचे.

"बाबा, चेष्टा पुरे. माझी बोट जायची वेळ आलीय."

आता बाबांनी मान वर केली.

रुपाजीची मासेमारी गळांची. लांबच लांब दोरी, तिला शेकडो गळ, प्रत्येक गळाला बांगड्याचा तुकडा. दोरी बोटीच्या पिछाडीने पाण्यात सोडायची. ती बुडायला वेळ घेते, आणि तेवढ्यात वरून पांढरी कुरव पाखरं झेपावतात. आमिषाबरोबर गळही गिळतात. मग दोरी खाली जाते, आणि पाखरूही तिच्याबरोबर खाली जातं.

दोरी ओढली की सुरमईच्या जागी भिजलेली मेलेली पाखरं वर येत.

"काय काय केलं नाही सांगा! डबे बडवले. फटाके लावले. काकाचा सदरा घालून बुजगावणं उभं केलं."

"मग?"

"त्याच्या डोक्यावर बसतात मेली."

बाबांना हसू आलं. ते त्यांनी दाढीत लपवलं.

"आणि आता आमचा जुना खलाशी सदबा म्हणतो, आणखी एक मेलेलं पाखरू बोटीवर आलं की आम्ही सगळे उतरलो. पाण्यात बुडालेलं पाखरू म्हणजे अपशकुन. माझ्या बापाच्या वेळेपासूनची माणसं ती. ती गेली तर बोट कोण चालवणार? वाळूत कुजेल की!"

"तुला अपशकुनाची भीती वाटते?"

"मला?" रुपाजी ताठ झाला. "मी नाही असल्या गोष्टी मानत. पाखरंच ती. मेली तर मेली. अक्कल नाही त्यांना, त्याला मी काय करू? त्यांना अक्कल येईल असं काहीतरी द्या."

बाबांनी तव्यावरची भाकरी उलटली...

"दक्षिणेकडच्या समुद्रात मी एक पाखरू बघितलंय," ते म्हणाले. "अल्बाट्रॉस म्हणतात. पंख पसरले की या खोलीच्या दोन्ही भिंतींना लागतील. दिवसदिवस पंख हलवत नाही, नुसतं वाऱ्यावर. आमच्या जहाजाबरोबर यायचं. आम्ही त्याला पाव्हणा म्हणायचो."

"मग?"

"त्या समुद्रातही मोठमोठ्या बोटी गळ सोडतात. हेच होतं तिथेही. त्याची जोडी जन्माची असते. दोन वर्षांनी एकच अंडं. एक पिल्लाजवळ बसतो, दुसरा घास आणायला जातो."

"आणि तो आलाच नाही तर?"

बाबांनी चुलीत लाकूड सारलं.

रुपाजी उगाच चुलीकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "परवाचं एक जिवंत होतं. गळ घशात. माझ्या हातात... नुसतं माझ्याकडे बघत होतं. त्या दिवसापासून मला घास जात नाही, बाबा. बोटीवर कोणाला बोललो नाही."

"हं," बाबा म्हणाले. पण ते 'हं' फार मायेचं होतं.

"मला सांग," बाबा म्हणाले, "दोरी सोडता कशी? पहिल्यापासून सांग."

हा प्रश्न रुपाजीच्या आवडीचा. त्याचा चेहरा खुलला.

"आमची रीत म्हणजे रीत! सूर्य वर आला की आधी दर्याचा घास. पणजोबांपासून चालत आलंय. बांगड्यांची मुंडकी, आतडी, सगळं टोपलीत भरायचं, पिछाडीला उभं राहायचं, हाक मारायची, 'घे रे दर्याराजा!' आणि टोपली पालथी करायची. आधी दर्याला, मग आपल्याला. बाकीच्या बोटींनी सोडली रीत. मी नाही सोडली."

"आणि मग?"

"मग लगेच तिथूनच दोरी सोडायची. घास टाकला तिथेच. दर्या खूश असतो ना तेव्हा!"

बाबांच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. ते इतके हसले, इतके हसले, की शेवटी खोकला लागला आणि रुपाजीलाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. बस. जेव आधी."

बाबांनी ताट वाढलं. गरम भाकरी, बांगड्याचं झणझणीत तिखलं, वर कच्चा कांदा. वास असा सुटला की कित्येक दिवसांनी रुपाजीच्या पोटात भूक जागी झाली.

"ये रे बाळा, ये! पोटभर जेव!" बाबा दोन्ही हात पसरून म्हणाले.

रुपाजीने हात पुढे केला.

फट्! बाबांनी चिमट्याने त्याच्या हातावर मारलं.

"अहो!"

"जेव ना. लाजतोस काय? ये, ये!"

रुपाजीने पुन्हा हात नेला. फट्!

"बाबा, लागतंय!"

"घरचंच समज. घे पोटभर!"

तिसऱ्यांदा त्याने डाव्या बाजूने चोरून भाकरी धरायचा प्रयत्न केला. चिमटा तिथेही हजर. आता मात्र रुपाजी तांबडालाल झाला आणि ताडकन उठला.

"डोकं फिरलंय का तुमचं? मारायचंच होतं तर बोलावलंत कशाला?"

बाबांनी चिमटा खाली ठेवला.

"तेच," ते म्हणाले. आणि शांतपणे ते ताट स्वतःपुढे ओढून जेवायला लागले.

रुपाजी तणतणत टेकडी उतरू लागला. म्हाताऱ्याला वेड लागलंय. बंदरावर सगळ्यांना सांगतो. गरम भाकरी समोर ठेवायची, ये ये म्हणायचं, आणि हात पुढे केला की...

तो थांबला.

उभ्या वाटेवर, भर उन्हात, तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. खाली खाडीत त्याची बोट डुलत होती.

"अरे देवा," तो म्हणाला. "मीच बोलावतो पाखरांना. रोज हाक मारून बोलावतो!"

मग तो उलटा फिरला आणि धापा टाकत, ठेचकाळत वर आला. दारातूनच ओरडला, "बाबा! कळलं! कळलं मला!"

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "तुझं ताट झाकून ठेवलंय. मी माझं जेवलो."

त्या दिवशी रुपाजी चार भाकऱ्या जेवला. पाचवी मागायची त्याला लाज वाटली, पण बाबांनी ती न मागता वाढली.

पुढे काय करायचं ते मात्र बाबांनी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "उद्या मीही येतो बोटीवर. कित्येक वर्षांत दर्या जवळून बघितला नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच बोट खोल पाण्यात पोचली. अजून अंधार होता. पाखरं कुठेतरी खडकांवर पंखात चोच घालून झोपलेली. सदबा, बापाच्या वेळचा जुना खलाशी, घासाची टोपली पुढ्यात घेऊन सूर्याची वाट बघत बसला होता. बाबा दोरखंडाच्या वेटोळ्यावर ऐटीत टेकले होते.

"दोरी सोडा," रुपाजी म्हणाला.

"आता? घास दिल्याशिवाय?"

"हो. अंधार आहे तोवर."

सदबा उभा राहिला. इतर खलाशीही उभे राहिले.

"रुपाजी, तुझ्या बापाने असं कधी केलं नाही. आधी दर्याला, मग आपल्याला. बाप गेला म्हणून रीतही गेली काय? हे चालणार नाही. बोट फिरव, आम्ही उतरतो."

रुपाजीच्या मनात आलं, पाखरं वाचवायला निघालो आणि माणसंच चालली. त्याने आशेने बाबांकडे बघितलं.

बाबा दाढीत अडकलेला खवला काढण्यात गुंतले होते.

आरडाओरडा करणं रुपाजीला येत होतं. तांडेल मी आहे, असं म्हणता येत होतं. ते त्याने गिळलं.

"सदबा," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे देवाला नैवेद्य कधी दाखवतात?"

"हे काय विचारणं? स्वयंपाक झाला की. आपण जेवायच्या आधी."

"चूल पेटवायच्या आधी नाही?"

"वेडा की खुळा तू? तेव्हा काय कच्चे तांदूळ ठेवायचे देवापुढे?"

"मग गळ सोडणं म्हणजे जेवण, की चूल पेटवणं?"

पाणी बोटीला चपचप लागत होतं...

सदबाने डोकं खाजवलं. टोपलीकडे बघितलं. समुद्राकडे बघितलं.

"चूल," तो कुरकुरत म्हणाला.

"आणि जेवण?"

"दोरी ओढली की." मग त्याच्या मिशा हलल्या आणि तो फसकन हसला. "लेका, बापावर गेलास. तोही असाच बोलण्यात पकडायचा."

मग काय विचारता! एकदा पटलं म्हटल्यावर सदबाच सगळ्यांच्या पुढे. म्हणाला, "बर्फातला कडक बांगडा लावू नका रे, तो तरंगत राहतो. नरम झालेला लावा. आणि दगड गळांच्या जवळ बांधा, म्हणजे झपकन खाली जाईल." हे सगळं त्याला आधीपासून ठाऊक होतं. कोणी विचारलंच नव्हतं, आणि रुपाजीच्या बोटीवर विचारायची पद्धतही नव्हती.

अंधारातच दोरी सुटली. गळामागून गळ पाण्यात गेला आणि खोल बुडाला.

मग पूर्वेला उजाडलं. सूर्याची कड दिसली तशी रुपाजीने टोपली उचलली, पिछाडीला उभा राहिला आणि बाप मारायचा तशी खणखणीत हाक मारली.

"घे रे दर्याराजाऽऽ!"

आणि पाखरं आली! खडकांवरून, लाटांवरून, कुठून कुठून आली. कलकलाट करत खाली झेपावली, एकमेकांच्या चोचीतलं ओढू लागली, भांडू लागली. पाण्याला जणू उकळी फुटली. पण पाण्यात एकही गळ त्यांच्या वाटेत नव्हता. एका पाखराने अख्खं मुंडकं गिळलं आणि ते इतकं जड झालं की त्याला उडताच येईना. सदबा त्याला नावं ठेवत हसत सुटला.

रुपाजी हसत नव्हता. तो डोळे पुसत होता, आणि खारं पाणी उडालं असं सांगत होता. कोणी विचारलं नव्हतं तरी सांगत होता.

दोरी ओढायची वेळ आली तोवर पाखरं पोट भरून लांब पाण्यावर डुलत बसली होती. ओढताना कोणी पाण्यात काही टाकायचं नाही, असं सदबाने आधीच बजावलं होतं. खलाशांचे हात दोरीवर होते आणि नजर पाण्यावर.

पहिला गळ रिकामा. दुसऱ्याला सुरमई. मग पुन्हा रिकामा. मग सुरमई, आणि तिच्यामागे आणखी एक, हातभर लांब, चांदीसारखी लखलखीत. दोरी येतच राहिली. शेवटचा गळ वर आला तेव्हा सगळ्यांनी एकदम बघितलं.

पाखरू एकही नव्हतं.

सदबाने डोक्यावरचं फडकं काढून हवेत फेकलं. ते समुद्रात पडलं, त्याची त्याला पर्वा नव्हती. खलाशी ओरडत होते, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते. कोणीतरी रिकामा डबा घेऊन ताल धरला. पाखरं हाकलायचाच डबा तो, पण आज एकही पाखरू घाबरलं नाही.

"आम्ही कुठे उतरत नाही रे!" सदबा ओरडला. "आता तू ढकललंस तरी नाही!"

परतीच्या वाटेवर रुपाजी बाबांच्या पायाशी येऊन बसला. त्याच्यासाठी हेसुद्धा नवंच.

"बाबा, खरं सांगा. मी आमची रीत सांगितली, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच सांगायचं की सरळ! हात बघा माझा, अजून दुखतोय."

बाबांनी त्याचा हात हातात घेतला. त्यावर हलकेच फुंकर घातली...

"अक्कल तू पाखरांसाठी मागितली होतीस," ते म्हणाले.