सर्जेरावाची पाठ

“मला घरी नेणार की नाही, एवढंच सांगा वस्ताद.”

सर्जेराव पलंगाच्या कडेला बसला होता. पायांत चपला, मांडीवर पिशवी. काल त्याला मनोरुग्णांच्या वॉर्डात भरती केलं, तेव्हापासून तो असाच बसून होता.

ज्ञानू वस्तादांनी स्टूल ओढून घेतलं. पोरवयापासून त्यांनीच त्याला तालमीत घडवलं होतं.

“नेतो की. घरी झोपशील?”

सर्जेरावाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

आडवं झालं की त्याची छाती धडधडायची. वाटायचं, आता काही आपण उठत नाही. मैदानात त्याची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. आणि आता साध्या गादीला पाठ टेकवायची हिंमत होत नव्हती.

“गोळी घेतलीस का?”

“घेतली. पण डोळा लागला तर... लोक म्हणतील, पैलवान वेड्यांच्यात जाऊन पडला. तालमीत कळलं?”

“कळलं.”

“काय म्हणाली पोरं?”

“म्हणाली, त्याच्या वाटणीचं दूध कोण पिणार?”

सर्जेरावाला हसू आलं नाही.

“चेष्टा नको, वस्ताद. मी चीत झालो. कायमचा.”

वस्ताद उठले. फेटा काढून त्यांनी स्टुलावर ठेवला. शेजारचा पलंग रिकामा होता. त्यावर बसले, आणि हळूहळू मागे कलले. दोन्ही खांदे गादीला लागले. हात पसरले. डोळे मिटले.

सर्जेराव ताडकन उभा राहिला.

“उठा, वस्ताद! लोक बघतायत. उभ्या जन्मात तुम्हाला कुणी असं पाडलं नाही...”

पलीकडचा पेशंट कुशीवर वळला. “आजोबा, तुम्ही पण भरती?”

“गादी बरी आहे,” वस्ताद म्हणाले.

पेशंट पुन्हा भिंतीकडे वळला.

सर्जेराव बघत राहिला. कुणी शिट्टी मारली नाही. कुठे हलगी कडाडली नाही. वरचा पंखा आपला फिरत होता. म्हाताऱ्याचं पोट संथ वर येत होतं, खाली जात होतं...

बऱ्याच वेळाने त्याने पिशवी खाली ठेवली. चपला काढून तो आपल्या पलंगावर बसला. एक कोपर गादीवर टेकवलं, आणि तिथेच अडकला. मान ताठ. कपाळावर घाम.

वस्तादांनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात लांब करून त्याच्या मनगटावर ठेवला.

“सावकाश, लेका. इथं पंच नाहीत.”