तुळाजीराजांचे शिकारीचे जोडे

वाघझरीच्या तुळाजीराजांना शिकारीसाठी जोडे मिळेनात. जोडे करणारे पुष्कळ होते, चामडेही उत्तम मिळे. अडचण होती राजांच्या पायांची. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड बोट मोठा होता आणि ते त्यांना मान्य नव्हते. राजाचे दोन्ही पाय सारखे असतात, असा त्यांनी हुकूमच काढला होता. कुणी याउलट बोलले, की त्याची रवानगी गडावरच्या कोठडीत!

त्यामुळे माप फक्त उजव्या पायाचे घेतले जाई. डाव्याचे मागणे म्हणजे हुकुमावर शंका घेणे. नवे जोडे घालून राजे डोंगरात निघत आणि पहिली खिंड चढेपर्यंत डाव्या पायाची बोटे एकमेकांवर चढलेली असत. मग राजे संतापून दोन्ही जोडे दरीत भिरकावत आणि अनवाणीच पुढे जात. राजा अनवाणी असताना इतरांनी जोडे कसे घालायचे? दिवाण, सरदार, हाकारे, सगळेच अनवाणी होत. रानडुकरे खुशाल कंद उकरत राहत आणि वाघझरीचा दरबार कातळावर एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातले काटे काढत असे. दिवाण त्रिंबकपंतांनी तर काटे काढायला एक माणूस पगारावरच ठेवला होता.

शेवटी राजांनी राज्यातला सर्वांत जुना कारागीर सटवाजी याला बोलावले. जोडे आतून लोण्यासारखे मऊ हवेत, खालून कातळाला पुरून उरणारे हवेत, सात वेळच्या शिकारीला टिकायला हवेत, दोन्हींचे माप तंतोतंत सारखे हवे आणि ते कुठेही चावता कामा नयेत, असे त्याला सांगण्यात आले.

सटवाजी सरळ माणूस. तो म्हणाला, "सरकार, मग डाव्या पायाचंही माप घेऊ द्या."

संध्याकाळच्या आत तो कोठडीत होता. पौर्णिमेपर्यंत त्याच्या घरून असे जोडे आले तर सुटका, नाहीतर जन्मभर तिथेच, असे राजांनी फर्मावले.

सटवाजीला भिवरा नावाची एकच मुलगी. बापाची सगळी कला तिच्या हातात उतरली होती. ती भेटायला गेली तेव्हा बाप म्हणाला, की असले जोडे ब्रह्मदेवालाही जमायचे नाहीत; तू हत्यारे विकून टाक आणि मामाकडे जा. भिवरा घरी आली, बापाची आरी हातात घेऊन थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून विचार करू लागली, की न विचारता राजांचा डावा पाय पाहायला कुठे मिळेल?

दुसऱ्या दिवशी राजे शिकारीला गेले आणि नेहमीसारखे अनवाणी परतले. ते गेल्यावर भिवरा ओढ्यावर पोचली. चिखलात पावलांचा नुसता खच होता, पण राजाच्या पुढे चालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सर्वांत पुढे एकट्याची पावले उठली होती, आणि त्यांच्यावर कुणी पायसुद्धा ठेवला नव्हता. तिने दोन बोरू तोडले. एकावर उजव्या पायाचे माप घेतले, दुसऱ्यावर डाव्याचे.

मग पंधरा दिवस तिने मान वर केली नाही. म्हशीच्या कातड्याचा दुहेरी तळ घातला, आतून बकरीचे मऊ कातडे लावले, काट्यांसाठी घोट्याच्या वरपर्यंत चामडे चढवले आणि सगळे करंजाच्या तेलात मुरवले.

पौर्णिमेला ती दरबारात आली आणि तिने राजांपुढे एक जोड ठेवला. पंतांनी काठीने मापला. डावा-उजवा तंतोतंत सारखे. मग तिने दुसरा जोड ठेवला. तो थोडा लहान होता, पण त्यातलेही दोन्ही जोडे एकमेकांशी तंतोतंत सारखे. पंतांना त्यात काही खोट काढता येईना.

तेव्हा भिवराने मोठ्या जोडातला डावा आणि लहान जोडातला उजवा उचलून राजांच्या पायांत घातला. राजे उठले. बिचकत चार पावले चालले, अंगणात उतरले, दगडांच्या राशीवर चढले आणि उडी मारून खाली आले. त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती.

पंत मात्र गप्प बसेनात. पायातले जोडे सारखे नाहीत, डावा मोठा आहे, असे त्यांनी भर दरबारात सांगितले.

भिवरा शांतपणे म्हणाली, "पंत, सरकारांच्या दोन्ही पायांत जोडे अगदी बरोबर बसलेत. मग डावा जोडा मोठा, म्हणजे तुम्हाला काय मोठं म्हणायचंय?"

पंतांनी तोंड उघडले. उत्तर अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात त्यांना कोठडी आठवली आणि ते खाली बसले.

पण आता राजांचीच भुवई चढली. "पोरी, मला दोन जोडांतला एकेक का घातलास?"

खरे बोलावे तर बापाशेजारची कोठडी रिकामीच होती.

"सरकार," भिवरा म्हणाली, "एका वेळी एक जोड तर आम्ही गोरगरीबही घालतो. राजानंही एकच घातला, तर तो राजा कसला? राजानं एका वेळी दोन जोड वापरावेत."

राजांनी तिच्याकडे पाहिले. मग आपल्या डाव्या पायाकडे पाहिले. कित्येक वर्षांनी त्याची पाचही बोटे सरळ पसरली होती. राजांना हसू फुटले, आणि ते इतके हसले की त्यांना दगडांच्या राशीवरच बसावे लागले.

सटवाजीला तत्क्षणी सोडले. भिवराला ओढ्याकाठची दहा बिघे जमीन इनाम मिळाली आणि यापुढे राजांचे जोडे तिनेच करायचे, दर वेळी दोन जोड, असे ठरले.

उरलेला मोठा उजवा आणि लहान डावा यांचे काय करायचे, असे कोठीवाल्याने विचारले. राजांनी ते पंतांना पुढच्या शिकारीसाठी बहाल केले. हे दोन जोडे सारखे नाहीत, असे म्हणायची पंतांची छाती झाली नाही.